सोलापुरातून मास कम्युनिकेशनचं एम.ए.: अर्ज कुठे अडकतात

मास कम्युनिकेशनच्या एम.ए.ला कुठलीही पदवी चालते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.सी.ए., इंजिनिअरिंग, काहीही. अट एवढी सैल असल्यामुळेच बहुतेक जण निर्धास्त राहतात आणि मग कागदांपाशी येऊन अडकतात. गेली काही वर्षं प्रवेशाच्या दिवसांत मी ओळखीच्या मुलामुलींचे अर्ज भरताना शेजारी बसते. गुण कमी पडले म्हणून परत गेलेले मी थोडेच पाहिले. टीसी नाही, आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्येच संपलेली, नावात एक अक्षर इकडचं तिकडे, अशा कारणांनी वर्ष गेलेले जास्त. म्हणून साध्या पायऱ्या इथे एका ओळीत उरकते आणि जिथे पाय घसरतो तिथे थांबते.

आधी कुठे काय आहे ते. सोलापुरात हा अभ्यासक्रम पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आहे. पुणे महामार्गावर केगावला, सामाजिकशास्त्रे संकुलात. दोन वर्षं, चार सत्रं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर वर्षाला साधारण ४४ श्रेयांक असतात. पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका मिळते, पदवी नाही. हे दोन शब्द नीट वाचा. पुढे नेट ही पात्रता परीक्षा देऊन कॉलेजात शिकवायचं असेल, तर पदव्युत्तर पदवीच लागते. एका वर्षाची पदविका करून ‘माझं मास्टर्स झालं’ असं समजणारे भेटतात, आणि हे त्यांना नेटच्या अर्जावर कळतं. फार उशीर झालेला असतो.

पुण्याला जायची तयारी असेल तर सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग आहे, आपण ज्याला रानडे इन्स्टिट्यूट म्हणतो तो. हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, पण तिथे सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा लागते. या परीक्षेचे अर्ज अलीकडे हिवाळ्यातच, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि पेपर मार्चमध्ये होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करायचा असतो. ‘निकाल लागला की बघू’ म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलेलंच असतं.

अर्ज ऑनलाइन. फोटो, सही, गुणपत्रिका अपलोड करा, शुल्क भरा, छापील प्रत काढा. रॅगिंगविरोधी हमीपत्रही ऑनलाइनच. डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) आधीच काढून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. इथपर्यंत कोणी अडत नाही.

टीसी

सगळ्यात जास्त मुलं इथे अडतात. टीसी म्हणजे शेवटच्या कॉलेजचा दाखला, आणि ‘शेवटचं कॉलेज’ म्हणजे जिथे पदवी घेतली ते असेलच असं नाही. पदवीनंतर कोणी एम.ए. मराठीला नाव घातलेलं असतं, कोणी बी.एड.ला, कोणी नुसतं वसतिगृह टिकावं म्हणून कुठेतरी प्रवेश घेतलेला असतो. दोन महिने जाऊन सोडून दिलं, म्हणून विसरूनही गेले. पण पदवीच्या कॉलेजची मूळ टीसी त्या दुसऱ्या ठिकाणी जमा आहे. आता नवी टीसी तेच देणार, आणि ते म्हणणार आधी राहिलेली फी भरा. मंगळवेढ्याकडच्या एका मुलाने या एका कागदासाठी अकरा दिवस हेलपाटे घातले. मिळाली तेव्हा दुसरी यादीही लागून गेली होती.

म्हणून पहिलं काम हे: मूळ टीसी आज कुठे आहे ते शोधा. मूळ हरवली असेल तर दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी अर्ज, बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्र आणि कधी पोलिसांकडची हरवल्याची नोंद मागतात. त्याला आठवडा धरा. टीसी हातात आली की कारकुनासमोरच वाचा. नाव, जन्मतारीख, जात, शेवटची परीक्षा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. घरी आल्यावर सापडली तर पुन्हा अर्ज.

मायग्रेशन, आणि २००४ आधीचे पदवीधर

दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीच्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कोणाच्या लक्षात येत नाही ते असं: आपलं विद्यापीठ सुरू झालं २००४ मध्ये. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा कॉलेज सोलापुरातलंच असलं तरी तुमची पदवी कोल्हापूरची आहे, आणि मायग्रेशनही तिथूनच आणायचं. वर्तमानपत्रात वीस वर्षं काम करून आता एम.ए. करायला निघालेले बातमीदार, उपसंपादक यांची हमखास इथेच चूक होते. ‘मी तर इथलाच’ असं म्हणतात, आणि खिडकीवरचा माणूस मान हलवतो. यात त्या माणसाचं चुकत नाही. पण प्रवेशाच्या माहितीत हे एक वाक्य ठळक लिहायला कोणाचं काय जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

विजयपूर, कलबुर्गीकडून येणाऱ्यांनाही मायग्रेशन लागतं. त्यांच्यासाठी आणखी एक कडू गोष्ट: कर्नाटकाचं जात प्रमाणपत्र महाराष्ट्रातल्या आरक्षणाला चालत नाही. अर्ज खुल्या वर्गातून करावा लागतो. फी भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मुक्त विद्यापीठाची पदवी वैध आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका. मात्र बारावी न करता मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून थेट बी.ए. केलेल्यांकडे बारावीची गुणपत्रिका नसते आणि अर्जात तो रकाना असतो. तिथे मनाने आकडे भरू नका. पूर्वतयारीचं प्रमाणपत्र जोडा, विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घेऊन मगच शुल्क भरा.

पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं मध्ये गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात खरं तेच लिहा. घरी होतो, शेती केली, स्पर्धा परीक्षेची तयारी केली, सगळं चालतं. नोकरी लपवून ‘घरीच होतो’ लिहायचं आणि नंतर अनुभवाचा दाखला जोडायचा, हे मात्र अंगाशी येतं.

नाव

सोलापुरात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, कारण आपल्या एकेका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलल्या जातात. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं, शाळेच्या मास्तरांनी ते शेवटी टाकलेलं असतं, आधारवाल्याने पुन्हा पुढे आणलेलं असतं. कानडी नावातलं ‘प्पा’ एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर तोडून. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’, कुठे दोन. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच थांबतो.

अर्जात नाव पदवीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. मग आधार त्याला जुळवून घ्या. बँक खातं त्यानंतर. दहावीच्याच प्रमाणपत्रात चूक असेल तर तीच आधी निस्तरा. ती शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जाते आणि वेळ खाते.

लग्न झालेल्या मुलींनी जास्त सांभाळावं. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. लग्नानंतर नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडा. जातीचे कागद माहेरचेच लागतात. नॉन-क्रिमीलेअरलाही आई-वडिलांचंच उत्पन्न धरतात, नवऱ्याचं नाही. सेतूत कोणी नवऱ्याची पगारपावती मागितली तर नम्रपणे पण ठामपणे सांगा. एक ताई नवऱ्याचा पगार जास्त म्हणून आपल्याला नॉन-क्रिमीलेअर मिळणारच नाही असं समजून खुल्या वर्गातून अर्ज करून मोकळ्या झाल्या होत्या. कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

मार्च महिन्यात मरणारे कागद

विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागासवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअर लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. हे प्रमाणपत्र एका किंवा तीन वर्षांसाठी मिळतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र यांचंही गणित आर्थिक वर्षाशीच बांधलेलं. मुलं मात्र ‘गेल्या वर्षीच काढलंय, नवंकोरं आहे’ म्हणत फाईल घेऊन येतात. जुलैत ते काढल्याला वर्षही झालेलं नसतं, पण तीन महिन्यांपूर्वीच संपलेलं असतं. कागदावर तळाशी, बारीक अक्षरात तारीख असते. ती बघा.

म्हणजे हे कागद एप्रिलमध्येच काढायला टाकायचे. निकालाची वाट बघायची नाही, कारण निकालाशी त्यांचा संबंधच नाही. आणि आपल्या जिल्ह्यात एक खास अडचण आहे: आषाढी वारी. प्रवेश आणि वारी एकाच हंगामात येतात, महसूल खात्याची माणसं बंदोबस्ताला, नियोजनाला पंढरपूरकडे गुंतलेली असतात, आणि प्रांताधिकाऱ्यांच्या सहीवाचून नॉन-क्रिमीलेअर निघत नाही. यात त्यांना दोष देता येत नाही. पण करमाळ्याच्या पोराने एवढा लांब कुर्डूवाडीला प्रांत कार्यालयात जाऊन ‘साहेब वारीत आहेत’ ऐकून परत यायचं, हे बघवत नाही.

उत्पन्न मोजण्याबाबतही गोंधळ आहे. मर्यादा ८ लाखांची, पण नॉन-क्रिमीलेअरसाठी पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर त्यांचं पद कुठल्या वर्गाचं आहे ते पाहतात. वडील शिक्षक आहेत म्हणून ‘आपल्याला मिळणार नाही’ असं घरीच ठरवून टाकू नका.

जात प्रमाणपत्रच नसेल तर जुने पुरावे शोधावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचं दाखवायचं असतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचा, बहिणीचा दाखला शोधा. गिरणीत किंवा मागावर काम करायला आलेल्या पिढीकडे शाळेचा कागद कुठून असणार? तिथे जुना जन्म-मृत्यूचा उतारा, गाव नमुना, नोकरीच्या ठिकाणची नोंद कामाला येते. हे काम महिन्यांचं आहे, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यातलं नाही. जात वैधता पडताळणीही तशीच, पदवीच्या दुसऱ्या वर्षातच टाकून द्या.

जात, उत्पन्न, रहिवास यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तरीही पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावणारे बसलेलेच असतात. गरिबाच्या पोराचे पाचशे रुपये म्हणजे काय, हे त्यांना कळायला हवं. अर्ज दिल्यावर पावती घ्या. ‘आपले सरकार’च्या पावतीवर क्रमांक असतो, आणि ठरल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येतं. अपिलाचं नाव काढलं तरी पुष्कळदा फाईल हलते.

केंद्रीय विद्यापीठासाठी अर्ज करणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाही.

तारखा एक नाही, चार

अर्ज भरायची शेवटची तारीख, शुल्क भरायची, गुणवत्ता यादीवर हरकत घ्यायची आणि कागद पडताळणीची. मुलं पहिली लक्षात ठेवतात. सगळ्यात घातक तिसरी, कारण ती दिवस-दोन दिवसांचीच असते. तात्पुरत्या यादीत तुमचा प्रवर्ग चुकून ‘खुला’ पडला आणि तुम्ही हरकत घेतली नाही, तर अंतिम यादीत तो तसाच राहतो. यादी लागली की मित्राला विचारू नका, स्वतः उघडून आपली ओळ वाचा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा करायचा, प्रवेश झाला की तो आपोआप होत नाही. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा कुठलं खातं जोडलेलं आहे ते बँकेत जाऊन विचारा. लहानपणी काढलेलं, आता बंद पडलेलं खातं निघतं. मुलींसाठी एक खुलासा: २०२४ मध्ये जाहीर झालेली शंभर टक्के फी माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. मास कम्युनिकेशनचं एम.ए. त्यात धरून घरी हिशेब मांडू नका.

पडताळणीला जाताना मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र तपासून परत मिळायला हवं, कोणी ते ठेवून घेता कामा नये. आणि प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे नंबर लागला तर फी बुडाली असं समजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या सूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत, त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या, आणि त्याच दिवशी टीसीही मागा.