खेळ थांबतो कुठे?

“आमच्या वेळी मुलं टीव्हीसमोर अशी तासन्‌तास बसत नव्हती,” हे ऐकलं की मला मारिओ आठवतो. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममध्ये 32 टप्पे होते, पण खेळ सेव्ह करायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. संपवायचा तर एका बैठकीतच! बैठक किती लांबायची हे यंत्राच्या स्मरणशक्तीवर ठरत होतं.

हे चित्र पालटलं नाण्याएवढ्या बॅटरीने. 1987 मध्ये अमेरिकेत ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या गेमची सोनेरी कॅसेट आली, तिच्यात 8 किलोबाइट स्टॅटिक रॅम होती, म्हणजे वीज मिळेपर्यंत माहिती धरून ठेवणारी मेमरी; यंत्र बंद असताना ही वीज बॅटरी पुरवायची. या रॅममध्ये प्रत्येक बिटसाठी, म्हणजे एकेका 0 किंवा 1 साठी, दोन सर्किटं एकमेकांना जोडलेली असतात. दोघांचं काम एकच: मिळेल त्याच्या उलट द्यायचं. पहिल्याने 1 दिला की दुसरं 0 देतं, आणि तोच 0 पहिल्याला 1 वर टिकवतो. एकमेकांना धरून दोघं स्थिर! काही बदलत नसल्याने वीज लागते ती नाममात्र, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. धोका असायचा तो कन्सोल, म्हणजे खेळाचं यंत्र, बंद करताना. व्होल्टेज उतरत असताना प्रोसेसर भरकटून रॅममध्ये भलतंच लिहू शकतो. म्हणून सूचना असायची: आधी रीसेट दाबून धरा, मग पॉवर बंद करा. रीसेट दाबलेलं असेपर्यंत प्रोसेसर गप्प राहतो.

कॅसेटमध्ये फुंकर मारण्याला मात्र शास्त्रीय आधार नाही. नव्वदीत आपल्याकडच्या नकली कन्सोलवरही सगळे फुंकायचे. कॅसेट चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात.

पुढे प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाला बॅटरीही लागेना. 2017 च्या ‘निन्टेंडो स्विच’ या हातात धरून खेळता येणाऱ्या कन्सोलवर तर एक बटण दाबलं की खेळ आहे तिथेच गोठतो. त्यामुळे बसच्या रांगेतली पाच मिनिटंही पुरतात.

मग समाधानाचं काय? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये सात खेळांच्या सुमारे 39,000 खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाचा वेळ त्यांनी कंपन्यांच्या नोंदींतून घेतला होता. वेळ कमी-जास्त झाल्याने मनःस्थितीत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. फरक दिसला तो खेळण्यामागच्या कारणात: मजा येते म्हणून खेळणाऱ्यांची मनःस्थिती जास्त चांगली होती, खेळलंच पाहिजे या दडपणाखाली खेळणाऱ्यांची कमी चांगली.