पंखावरची गार

मार्चमधल्या त्या दुपारी वरुडकडच्या आमच्या वावरात दहा-बारा मिनिटं गारा कोसळल्या. संत्र्याच्या आंबिया बहाराची बारीक फळं झाडाखाली अंथरल्यासारखी पडली होती. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून ओट्यावर येऊन बसलो. भाच्यानं लिंबाएवढी एक गार आणून हातावर ठेवली आणि विचारलं, "मामा, ह्या गारा वर होत्या तवा तिथून इमान जात असन, तं त्याचं काय होत असन?"

आजीचा अडकित्ता घेतला आणि गार मधोमध कापली. आत कांद्यासारखे पदर होते. मधे दुधाळ ठिपका, त्याभोवती काचेसारखा आरपार दिसणारा पदर, त्यावर पुन्हा दुधाळ. भाच्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पदरांतच होतं.

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा वर बर्फ आहे हे खरं वाटत नाही. पण तापलेली कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. म्हणजे साडेचार-पाच किलोमीटरवर शून्य अंश. गावापासून फाट्यापर्यंतचं अंतर उभं केलं की तिथे पाणी गोठायला हवं. गंमत अशी की ढगातलं पाणी तिथेही लगेच गोठत नाही. बर्फाचा स्फटिक धरायला त्याला एखादा योग्य धूलिकण लागतो. तो मिळाला नाही, तर बारीक थेंब उणे १०, उणे १५ अंशांनाही पाणीच राहतात. अशा थेंबाला काही आदळलं की तो तिथल्या तिथे गोठतो. गारेवर आदळला तर गार वाढते, विमानाच्या पंखावर आदळला तर पंखावर बर्फ चढतो.

थेंब बारीक आणि हवा फार थंड असेल, तर तो क्षणात गोठतो, आत हवा अडकते आणि दुधाळ पदर बनतो. थेंब मोठा आणि हवा शून्याच्या जवळची असेल, तर पाणी आधी पसरतं, मग सावकाश गोठतं. हा काचेसारखा पदर. पायलट जास्त धास्ती घेतात ती याची, कारण तो पंखाच्या काठावर न थांबता मागे सरकत जातो.

गारांच्या ढगात कोणताही पायलट जाणूनबुजून शिरत नाही, रडारवर तो दिसला की लांबून वळसा घालतो. बर्फ चढतो तो बहुधा साध्या दिसणाऱ्या ओल्या ढगांत. आणि वजनापेक्षा घात करतो तो खरखरीतपणा. जाड सॅंडपेपरइतका थर बसला तरी पंखाला वर उचलणारा जोर ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतो आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

म्हणून मोठ्या जेट विमानात इंजिनातली गरम हवा नळ्यांनी पंखाच्या पुढच्या काठात आणि इंजिनाच्या तोंडाशी खेळवतात. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, लहान विमानांना पंखाच्या काठावर रबरी पट्टे असतात. ते सायकलच्या ट्यूबसारखे फुगतात आणि बर्फ तडकून उडतो. वेग मोजणाऱ्या बारीक नळ्या विजेवर तापतात.

आता यातलं काही बंद पडलं तर? पहिली तजवीज कारखान्यातच झालेली असते. एअरबस ए३२० मध्ये वीज गेली की इंजिनाच्या गरम हवेची झडप आपोआप उघडी राहते, पंखाची मात्र बंद होते. इंजिनाच्या तोंडाशी बर्फ जमू देणं परवडत नाही, असा तो हिशोब.

पुढचं काम पायलटचं. बर्फाशी झुंजत बसायचं नाही, त्या हवेतून बाहेर पडायचं: खाली, वर किंवा माघारी. वेग थोडा जास्त ठेवायचा, कारण बर्फाळलेला पंख नेहमीपेक्षा लवकर दगा देतो. उतरतानाही वेग जास्तच लागतो, म्हणून लांब धावपट्टी निवडायची. आणि पंख्याच्या विमानात ऑटोपायलट काढून दांडा हातात घ्यायचा. बैल लंगडायला लागला की कासऱ्यातून हाताला आधी कळतं, तसंच हे आहे. ऑटोपायलट मुकाट्यानं सावरत राहतो आणि त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की एकदम सोडून देतो.

३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ हेच घडलं. शिकागोला उतरायची वाट पाहत एटीआर ७२ जातीचं एक पंख्याचं विमान ढगात घिरट्या घालत होतं. रबरी पट्टे चालू होते, पण मोठ्या थेंबांचा बर्फ त्यांच्या मागे साचला. ऑटोपायलट सुटला, विमान कलंडलं, ६८ जण गेले. त्यानंतर या विमानांचे पट्टे रुंद केले गेले.

१ जून २००९ ची एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाची गोष्ट मला याहून चटका लावते. अटलांटिकवर साडेदहा किलोमीटर उंचीवर बर्फाच्या स्फटिकांनी वेगाच्या नळ्या बुजल्या आणि ऑटोपायलट सुटला. विमान धडधाकट होतं. नाक होतं तसं आणि इंजिनाचा जोर ठरलेला ठेवला असता, तर पुरे होतं, कारण मिनिटाभरात नळ्या मोकळ्या झाल्या. पण नाक वर खेचलं गेलं, पंखांचा आधार सुटला आणि साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात. २२८ माणसं गेली.

भाच्याला मी सांगितलं, की आपल्या आभाळाचा एक मोठा आधार आहे. आपली जमीन समुद्रसपाटीपासून तीनशे-चारशे मीटरवर, चिखलदऱ्याचे डोंगरही हजार-अकराशे मीटरचे. गारपिटीच्या दिवसांतही शून्य अंशाची रेषा कित्येक किलोमीटर वर असते. म्हणजे पंखावर बर्फ घेऊन खाली येणाऱ्या विमानाला बर्फ वितळवायला भरपूर उबदार हवा मिळते. थंड देशांत हिवाळ्यात जमीनच शून्याखाली असते, तिथे खाली जाऊन सुटका नाही.

"मंग आपल्याइकडं भेवच नाई?"

आहे, आणि ते अगदी जमिनीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला पारा ९ वर येतो आणि सोनेगावच्या धावपट्टीवर धुकं उतरतं, ती सकाळ. आपण शेकोटीपाशी बसलेले असतो, पण हौदातल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली नसते. तरी धुकं किंवा पाऊस असेल आणि हवा १० अंश किंवा कमी असेल, तर बहुतेक जेट विमानांत इंजिनाचं अँटी-आइस, म्हणजे तोंडाशी खेळणारी ती गरम हवा, चालू करावंच लागतं. इंजिन इतक्या जोरात हवा ओढतं की तोंडाशी ती प्रसरण पावून आणखी थंड होते, आणि त्या धुक्याचाच तिथे बर्फ होऊ शकतो. म्हणून चाकं अजून जमिनीवर असतानाच पायलट ते बटण दाबतो.