इंडेक्स बिघडलाय की क्वेरीच अर्धवट आहे?

‘नवा इंडेक्स टाकला नि जॉइनचं उत्तर बदललं, म्हणजे इंडेक्स करप्ट!’ हे निदान ऐकून कान किटले. ओळींचा क्रम बदलणं वेगळं आणि ओळीच बदलणं वेगळं. जॉइन आणि इंडेक्स म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

क्वेरीत ऑर्डर बाय (ओळी कशाने लावायच्या ते सांगणारा भाग) नसेल तर डेटाबेस हव्या त्या क्रमाने ओळी देतो. इंडेक्स आल्यावर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) हॅश जॉइन ही जोडणीची पद्धत सोडून नेस्टेड लूप या दुसऱ्या पद्धतीकडे वळला, की क्रम पालटला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर ८.३ या आवृत्तीपासून मोठ्या टेबलाचं सलग वाचन मधूनच सुरू होऊ शकतं. ‘आजवर तर बरोबर यायचं’ हा युक्तिवाद ऐकूनच घेऊ नये. इथवर बहुतेकांना पटतं.

खरा घोळ ऑर्डर बाय असतानाच होतो. ग्राहक आणि बिलं जोडली, बिलाच्या तारखेने लावली, लिमिट २०, म्हणजे एका पानावर २० ओळी. एकाच तारखेची ३५ बिलं असतील तर त्यांच्यात आधी कुठलं, हे तुम्ही सांगितलेलंच नाही. दुसऱ्या पानासाठी ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) बदलला की प्लॅन बदलू शकतो, आणि प्लॅन तोच राहिला तरी सारख्या तारखांची बिलं वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. मग एक बिल दोन्ही पानांवर दिसतं आणि दुसरं कुठेच नाही. दिसायला अगदी ओळ हरवल्यासारखं! यावर डिस्टिंक्ट (दुबार ओळी गाळणारा शब्द) चिकटवणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. दोन पानं म्हणजे दोन स्वतंत्र क्वेऱ्या, डिस्टिंक्ट एकीच्या आतलंच दुबार काढणार. ऑर्डर बायमध्ये तारखेमागे बिलाची प्रायमरी की (प्रत्येक बिलाची एकमेव ओळख) लावा. ग्राहकाची लावून भागत नाही, कारण एकाच ग्राहकाची त्या दिवशी दोन बिलं असू शकतात.

इंडेक्सबद्दलची शंका फेडायची तर लिमिट काढून टाका आणि क्वेरी चालवा. पोस्टग्रेसमध्ये त्या सेशनपुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन (इंडेक्समधून वाचण्याच्या तिन्ही पद्धती) बंद करून तीच क्वेरी पुन्हा चालवा (मधे कुणी डेटा बदलत नाही ना, एवढं बघा) आणि दोन्ही निकालांतल्या कीज ताडून पाहा. पहिल्या वेळी तो इंडेक्स खरंच वापरला गेला असेल आणि कीज त्याच निघाल्या, तर इंडेक्सवर आळ घेऊ नका.

कीज वेगळ्या निघाल्या तर मात्र इंडेक्सवरच संशय घ्या. ठळक उदाहरण २०१८ च्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ चं. त्यात अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. जुन्या डेटा फाइल्स तशाच ठेवून लिनक्स अपग्रेड केलं, की ग्लिबसीच्या क्रमवारीवर बांधलेले मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमात राहतात आणि शोध नव्या नियमांनी होतो. टेबलात असलेला ग्राहक-कोड जॉइनला सापडत नाही. आकड्यांच्या इंडेक्सला याची झळ लागत नाही. ॲमचेक या पोस्टग्रेसच्या इंडेक्स-तपासणीच्या एक्स्टेंशनने तपासा आणि रिइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा. तोवर युनिक इंडेक्स चुकवून दुबार नोंदी शिरल्या असतील, तर त्या आधी निस्तराव्या लागतात, नाहीतर रिइंडेक्स तिथेच अडतो.