आशा, गटप्रवर्तक आणि सपोर्टिव्ह सुपरव्हिजन

आरोग्याच्या किंवा समाजसेवेच्या कामात जी माणसं थेट लोकांच्या घरी जातात, त्यांच्यासोबत कुणीतरी जास्त अनुभवी माणसाने ठरावीक दिवसांनी जायचं, त्यांचं काम डोळ्यांनी बघायचं, अडलं तिथे करून दाखवायचं आणि चांगलं केलं तिथे तसं तोंडावर सांगायचं, या पद्धतीला सपोर्टिव्ह सुपरव्हिजन म्हणतात. इन्स्पेक्शन वेगळं. इन्स्पेक्शनमध्ये साहेब येतात, रजिस्टर बघतात, शेरा मारतात आणि जातात. महाराष्ट्रात सुपरव्हिजनचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, आणि त्यांना साथ देणाऱ्या गटप्रवर्तक. राज्यात ७० हजारांच्या आसपास आशा आहेत आणि त्यांच्यावर, खरं तर त्यांच्यासोबत, साडेतीन हजारांच्या आसपास गटप्रवर्तक. म्हणजे एका गटप्रवर्तकाकडे साधारण २० आशा.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात हजार लोकसंख्येमागे एक आशा असं ठरलं, पण नुसतं ट्रेनिंग देऊन बाईला गावात सोडून दिलं तर सहा महिन्यांत शिकलेलं अर्धं विसरायला होतं. म्हणून मध्ये एक माणूस हवा होता, ती गटप्रवर्तक. (इतर राज्यांत हिला आशा फॅसिलिटेटर म्हणतात.) हिच्या वर तालुका समूह संघटक, त्याच्या वर जिल्हा समूह संघटक. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसी) मेडिकल ऑफिसर (एमओ), उपकेंद्राच्या सिस्टर, आरोग्य सहाय्यिका हे बाजूने आहेतच.

हे काही दिल्लीत बसून कुणाला सुचलेलं नाही, मुळं बरीचशी महाराष्ट्रातच आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तिथल्या ग्राम आरोग्य सेविका, बऱ्याच जणी निरक्षर, ट्रेनिंग संपलं की सुटल्या असं नव्हतं, त्या पुन्हापुन्हा जामखेडला येऊन बसायच्या, गावात काय झालं ते सांगायच्या, आणि सेंटरची टीमही गावात जायची. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या पेपरबद्दल लोक बोलतात ते आरोग्यदूत बाईने न्यूमोनियाला औषध दिलं, सेप्सिसला (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाला) इंजेक्शन दिलं एवढंच. पण या बायकांच्या कामाकडे कुणीतरी दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन बघत होतं, नोंदी तपासत होतं, चुकलं ते तिथेच शिकवत होतं, ही बाजू मागे पडते. २०११ मध्ये हाच प्रयोग एचबीएनसी (होम बेस्ड न्यूबॉर्न केअर, घरीच नवजात बाळाची काळजी) म्हणून देशभर आशांकडे आला तेव्हा भेटी आल्या, फॉर्म आले, किट आलं, पण पंधरा दिवसांनी येणारा तो शिकवणारा माणूस त्याच ताकदीने आला का, तर माझ्या मते नाही आला.

एचबीएनसीत दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. गटप्रवर्तकाने यातल्या काही भेटींना आशासोबत जायचं असतं. खरं सुपरव्हिजन ते इथेच. आशा बाळाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुते का, थर्मामीटर काखेत नीट धरते का, झोळीचा वजनकाटा आधी शून्यावर आणते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्वास पूर्ण एक मिनिट मोजते का, कारण बरेच जण अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात आणि एवढ्याशा बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे आकडा चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर धोका. हे रजिस्टर बघून कधीच कळत नाही, रजिस्टरमध्ये सगळ्यांचा श्वास ४४ नाहीतर ४६ असतो.

चूक दिसली तर ती बाळाच्या आजीसमोर काढायची नाही. आशा त्याच गावची सून असते, उद्या तिलाच त्या घरात परत जायचंय. समजूतदार गटप्रवर्तक घरात फक्त म्हणते, ‘ताई, जरा परत एकदा मोजूया का, मी घड्याळ धरते,’ आणि बाकीचं बाहेर पडल्यावर रस्त्यात बोलते.

भेटींशिवाय महिन्याची मीटिंग असते. कागदावर ती अडचणी मांडायची आणि थोडं रिव्हिजन करायची जागा आहे. प्रत्यक्षात अर्धा दिवस अहवाल गोळा करण्यात जातो, मग पुढच्या सर्व्हेच्या सूचना, मग कुणाचं पेमेंट का अडकलं यावर चर्चा, आणि शेवटी गाडी चुकेल म्हणून सगळ्या उठतात.

मोजमापासाठी केंद्राने दहा कामांची यादी ठरवून दिली आहे, त्यात घरच्या बाळंतपणात पहिल्या दिवशी भेट, एचबीएनसीच्या सगळ्या भेटी, लसीकरणाचा दिवस, दवाखान्यातल्या बाळंतपणाला मदत, जुलाब आणि न्यूमोनिया, पोषणाचा सल्ला, तापाचे पेशंट, टीबीची औषधं, गावाच्या समितीची मीटिंग, कुटुंब नियोजन असं सगळं येतं. दहापैकी सहा कामं होत असतील तर आशा ‘कार्यरत’ धरतात. यादी वाईट नाही, उलट कोणत्या आशाला कशात मदत लागतेय हे एका नजरेत कळतं. पण ती मदतीसाठी न वापरता तालुक्याची रँक लावायला वापरली की सगळ्या रकान्यांत आपोआप ‘हो’ येतं.

या पद्धतीतली खरी गाठ पैशाची आहे. आशाला पगार नाही, कामानुसार मोबदला. एचबीएनसीच्या सगळ्या भेटी झाल्या, वजन नोंदलं, लसी झाल्या, जन्मनोंदणी झाली की २५० रुपये, आणि त्यासाठी फॉर्म तपासून सही लागते. म्हणजे जिच्याकडे ‘मला हे जमत नाही’ असं मोकळेपणाने सांगायचं ती गटप्रवर्तकच पैसे मिळण्याच्या साखळीत बसलेली. मग २१ व्या दिवशी जायला जमलं नाही हे कोण सांगेल? सामाजिक कार्याच्या शिक्षणात हा प्रश्न थोडा बरा सोडवलाय. मुंबईच्या टीआयएसएसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा निर्मला निकेतन या समाजकार्य कॉलेजमध्ये शिकलेल्या कुणालाही आयसी विचारा, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. फील्डवर्कचा रिपोर्ट लिहायचा, सुपरवायझरने तो वाचायचा आणि मग समोरासमोर बसून बोलायचं, त्यात तू काय केलंस यासोबत तुला तेव्हा काय वाटलं हेही येतं. तिथेही मार्क असतातच, पण निदान बोलायला राखून ठेवलेला वेळ असतो. एचआयव्हीच्या तपासणी आणि समुपदेशन केंद्रांतल्या (आयसीटीसी) काउन्सेलरांसाठीसुद्धा टीआयएसएसच्या सक्षम प्रकल्पातून असा आधार उभा केला होता, कारण दिवसभर लोकांना पॉझिटिव्ह रिपोर्ट सांगणाऱ्या माणसाचं मन कुणीतरी ऐकायला हवं हे तिथे मान्य होतं. आशाने गावातलं बाळ दगावलेलं बघितलं तर तिला मात्र बालमृत्यूचा फॉर्म भरायला सांगतात.

आणि गटप्रवर्तकाचं काय? ती पदवीधर, पण तिलाही पगार नाही, दौऱ्यामागे पैसे. २०१८ मध्ये केंद्राने दर भेटीचे २५० चे ३०० केले, महिन्याला २० दौरे धरले तर सहा हजार, राज्याची भर वेगळी. यातूनच पेट्रोल नाहीतर वडापचं भाडं. धडगाव किंवा भामरागडसारख्या तालुक्यात पाड्यांमधली अंतरं बघितली की एका दिवसात एक आशा गाठली तरी खूप झालं. कोविडमध्ये, सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सर्व्हे निघाला तेव्हा आशा ऑक्सिमीटर घेऊन दारोदार आणि गटप्रवर्तक त्यांचे रोजचे आकडे जमवायला फोनवर, शिकवणं-बिकवणं बाजूलाच राहिलं. जून २०२१ मध्ये आशा आणि गटप्रवर्तकांचा संप झाला, २०२३ च्या दिवाळीआधी परत झाला, २०२४ च्या सुरुवातीला परत. मार्च २०२४ मध्ये आशांच्या मोबदल्यात राज्याने ५ हजारांची वाढ मंजूर केली. आम्हाला कंत्राटी कर्मचारी म्हणून सामावून घ्या ही गटप्रवर्तकांची मागणी त्याच्याही आधीपासूनची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये गावपातळीच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी ज्या शिफारशी काढल्या त्यात एका सुपरवायझरकडे झेपतील इतकीच माणसं द्या, प्रत्यक्ष कामावर जाऊन बघा, कोचिंग करा, हेच लिहिलंय. आपल्याकडे २० ला एक हे प्रमाण कागदावर ठीक आहे. आता मात्र उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झालीत, तिथे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आलेत आणि तेही आशाकडून काम करून घेतात, त्यामुळे एकाच आशाला सिस्टर, सीएचओ, गटप्रवर्तक आणि एमओ असे चार जण एकच आकडा चार वेगवेगळ्या ग्रुपवर मागतात, आणि तिच्यासोबत घरी कुणी जायचं हे चौघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचं काम वाटतं.