आधी काय मोडलं?

अपघात झालेल्या मोटरसायकलचा पुढचा अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) तुटलेला दिसला की बघ्यांचा निकाल तयार असतो: ‘हाच तुटला, म्हणून पडला!’ पण पडताना, आपटतानाही गाडी मोडतेच. मग तपासणाऱ्याला एकच कोडं सोडवायचं असतं. अ‍ॅक्सल आधी तुटला, की आपटल्यामुळे?

उत्तर बहुतेक वेळा तुटलेल्या तोंडावरच असतं. एका दणक्यात तुटलेला पोलादी दांडा सहसा वाकतो, ताणला जातो आणि त्याचं तोंड सगळीकडे सारखंच खरबरीत असतं. थकून तुटलेल्याचं तसं नसतं. गंजाचा एखादा खड्डा, कच्चं वेल्डिंग, नाहीतर आट्यांची खाच अशा जागी बारीक चीर पडते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर जराजरा पुढे सरकते. चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात, त्यांवर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा कमानदार रेषा उमटतात. उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाला की तो एकदम तुटतो, आणि तेवढाच भाग खरबरीत दिसतो. गुळगुळीत भाग मोठा असेल तर तो अ‍ॅक्सल पडण्याच्या बराच आधीपासून मरत होता. म्हणूनच दोन तुकडे ‘जुळतात का’ म्हणून एकमेकांना लावून बघायचे नसतात. तेवढ्या घासण्यानेही पुरावा पुसला जातो. पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात भिजत ठेवल्यावर उरतो तो नुसता गंज.

ब्रेकचं प्रकरण याहून फसवं. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. ताजं ‘डॉट ४’ दर्जाचं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबेनळीसारख्या लांब घाटाच्या उतारावर ब्रेक दाबूनच गाडी उतरवली तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि डिस्कवर जोर येतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी! दुसऱ्या दिवशी निरीक्षक लिव्हर दाबतो तेव्हा ब्रेक उत्तम लागतो. अहवालात ‘यांत्रिक दोष नाही’ एवढंच लिहून मोकळं होणं इथे मला पटत नाही. ऑइलचा उत्कलनबिंदू मोजायला हवा, निळसर पडलेली डिस्क आणि काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड बघायला हवेत.

टायरचं तुलनेने सोपं. हवा नसताना टायर काही अंतर पळला असेल तर त्याच्या बाजूच्या भिंती आतून घासलेल्या असतात. आपटताना फाटलेल्यात हे घासणं नसतं.

आणि स्वाराने ब्रेक दाबला होता का? मागच्या लाल दिव्यात जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर तो सांगू शकतो. पेटलेली टंगस्टनची तार मऊ असते. जोराच्या हिसक्याने तिचे वेढे ओढले जातात. बल्बची काच फुटली तर हवा लागून तापलेली तार काळवंडते. थंड तार ठिसूळ. ती शाबूत राहते, नाहीतर कडेला टोकदार, चकचकीत तुटते. एलईडीत तार नाही, तेव्हा हा साक्षीदार हळूहळू रस्त्यावरून निघून चालला आहे.

विम्याचा किंवा कोर्टाचा वाद होणार असेल, तर तपासणी होईपर्यंत गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलू देऊ नका, आणि तुटके पार्ट भंगारात जाण्याआधी कोरड्या कापडात, वेगवेगळे गुंडाळून ठेवा.