खेळातील लिंगभाव समानतेचे शिक्षण

मैदान, साहित्य, प्रशिक्षण आणि संधी यांवर मुलामुलींचा सारखाच हक्क आहे, हे शालेय व किशोरवयात समजावून देणारे आणि प्रत्यक्ष खेळात उतरवणारे शिक्षण. शारीरिक शिक्षणाचा तास आणि क्रीडा मंडळे ही त्याची मुख्य ठिकाणे. युनेस्कोने १९७८ च्या सनदेत शारीरिक शिक्षण व खेळ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला. घोषवाक्य स्पर्धा भरवून हा विषय उरकला जातो, तेव्हा व्याख्येतला ‘प्रत्यक्ष खेळात’ हा अवघड भाग तेवढा राहून जातो.

या शिक्षणात इतिहास फार उपयोगी पडतो, कारण निसर्गनियम म्हणून सांगितलेले बरेच काही कोणीतरी बैठकीत ठरवलेले असते. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राड्केने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि अंतिम फेरीतल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. तरीही धावपटू कोसळल्याची, काहींनी शर्यत अर्ध्यावर सोडल्याची वर्णने वृत्तपत्रांत छापून आली. हे अंतर स्त्रियांसाठी ऑलिंपिकमधून गेले, ते १९६० साली रोममध्ये परतले. तशा बातम्या आणि निकालपत्रक शेजारी ठेवून वाचायला दिले, की पुढचे फारसे सांगावे लागत नाही. फुटबॉलचेही तसेच. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर स्त्रियांच्या सामन्याला सुमारे ५३,००० प्रेक्षक आले. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. बंदी जवळपास ५० वर्षे टिकली. ‘बायकांचे सामने बघतं कोण?’ या प्रश्नात ही ५० वर्षे कधी धरली जात नाहीत.

मैदानावरची सर्वांत साधी पद्धत म्हणजे मोजणी. मिश्र सामना चालू असताना दोन विद्यार्थी वही घेऊन रेषेबाहेर बसतात आणि कोणाला किती पास मिळाले याच्या रेघा ओढतात. ‘आम्ही सगळ्यांना खेळवतो’ असे छातीठोक सांगणारा कर्णधारही त्या रेघा पाहून जरा थबकतो. ‘मुलीसारखा काय फेकतोस!’ हा टोमणा कोण, कधी मारतो, हेही असेच टिपता येते. तो मुलाला मारलेला असतो, पण कमीपणा शेजारी उभ्या मुलीला येतो.

शारीरिक फरक झाकण्याचे कारण नाही. वयात येण्यापूर्वी तो थोडा असतो. पुढे टेस्टोस्टेरॉन या मुलांमध्ये जास्त असणाऱ्या संप्रेरकामुळे वाढतो आणि अव्वल दर्जाच्या धावण्यात सुमारे १० ते १२ टक्के भरतो. स्वतंत्र गट त्यासाठीच आहेत. मुलींच्या वाट्याला जुना चेंडू आणि संध्याकाळची उरलेली वेळ येते, त्याचा मात्र या टक्क्यांशी संबंध नाही. पारलिंगी खेळाडूंच्या पात्रतेचे नियम खेळागणिक वेगळे असून त्यावर वाद चालू आहेत.

किशोरवयात अनेक मुली खेळ सोडतात. पाळी, डाग पडण्याची धास्ती, अंगाला चिकटणारा गणवेश यांवर प्रशिक्षकाने मोकळेपणाने बोलणे हाही या शिक्षणाचाच भाग. पांढऱ्या पोशाखाबाबत कडक असलेल्या विम्बल्डननेही २०२३ पासून स्त्रियांना आतून गडद शॉर्ट्स घालण्याची मुभा दिली.

मुलांची अडवणूक कमी बोलली जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांना प्रथमच समान जागा होत्या. कलात्मक जलतरणाच्या, म्हणजे संगीताच्या तालावर पाण्यात कवायती करण्याच्या खेळाच्या, सांघिक प्रकारात पुरुषांनाही पहिल्यांदाच परवानगी मिळाली होती, पण एकाही देशाच्या संघात पुरुष नव्हता.