राज्य निवडणुकांतील पुरोगामी लोकसंघटन (अमेरिका)

अमेरिकेत राज्य विधिमंडळे, गव्हर्नरपद, राज्यांची सर्वोच्च न्यायालये आणि राज्यपातळीवरची सार्वमते यांसाठी पुरोगामी संघटना, कामगार युनियन, चर्चची मंडळे आणि वस्तीपातळीवरचे गट मतदारांच्या घरापर्यंत जाऊन जे काम करतात, त्याविषयीची ही नोंद आहे. मतदार नोंदणी, दारोदार भेटी, फोन, हाताने लिहिलेली पत्रे, मतदानाच्या दिवशी वाहनाची सोय, मोजणीत अडकलेल्या मतपत्रिकांचा पाठपुरावा असे त्याचे अनेक भाग आहेत. किमान वेतन, आरोग्यसेवा, मतदानाचा हक्क, गर्भपाताचा हक्क आणि कामगारांना संघटित होण्याचे स्वातंत्र्य हे या कामाचे नेहमीचे विषय.

बातम्यांचा झोत अध्यक्षावर असतो, पण माणसाच्या रोजच्या जगण्याला भिडणारे पुष्कळसे कायदे राज्यांत होतात. ५० राज्यांत मिळून विधिमंडळांची ९९ सभागृहे आहेत, कारण नेब्रास्कात एकच सभागृह आहे. आमदार सात हजारांहून अधिक आहेत. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य बसतात आणि त्यांचे वार्षिक मानधन फक्त १०० डॉलर आहे. मतदान किती दिवस चालेल, ओळखपत्र लागेल की नाही, टपालाने मत देता येईल का, हे बहुतांशी राज्येच ठरवतात. संसदेच्या मतदारसंघांच्या सीमाही बहुतेक राज्यांत विधिमंडळच आखते. त्यामुळे राज्य हातातून गेले की पुढच्या सगळ्या निवडणुकांचे नियमही हातातून जातात. असे असूनही राज्याच्या निवडणुकीत मतदान कमी होते. अध्यक्षपदासाठी मत देणारे अनेक जण त्याच मतपत्रिकेवर आमदाराचा रकाना कोरा ठेवतात. कितीतरी जागांवर दुसऱ्या पक्षाचा उमेदवारही उभा नसतो.

पूर्वपरंपरा

या कामाची मुळे पक्षांच्या कचेऱ्यांपेक्षा नागरी हक्कांच्या चळवळीत अधिक सापडतात. दक्षिण कॅरोलायनात मतदार म्हणून नाव घालायचे तर राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स आयलंडवर इसॉ जेन्किन्स बस चालवत. शहरात कामाला जाणाऱ्या कृष्णवर्णीय प्रवाशांना ते वाटेतच घटनेतील मजकूर शिकवत. पुढे जानेवारी १९५७ मध्ये तिथल्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’च्या सहकारी दुकानामागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल ही संस्था आणि तिथल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचा त्याला आधार होता. शिकवायला कोणी शिक्षक न नेमता बर्निस रॉबिन्सन या केशभूषा आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंना आणले. तुम्हाला काय शिकायचे आहे, हे त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले. कोणाला स्वतःची सही करायची होती, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला मालाचा कॅटलॉग वाचायचा होता. त्यातूनच वर्ग मतदानाच्या अर्जापर्यंत पोहोचला. ‘नागरिकत्व शाळा’ या नावाने हे वर्ग पुढे दक्षिणेत पसरले. माणसाच्या गरजेपासून सुरुवात करून मतपेटीपर्यंत जाण्याची ही रीत नंतरच्या अनेक मोहिमांना हवी तितकी साधलेली नाही.

मिसिसिपीत या कामाची किंमत फार मोठी होती. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मळ्यावर काम करणाऱ्या फॅनी लू हेमर इतर गावकऱ्यांबरोबर बसने इंडियानोलाला नोंदणीसाठी गेल्या. त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांना कामावरून आणि घरातून काढले. १९६४ च्या ‘फ्रीडम समर’ या मतदार नोंदणीच्या मोहिमेत शेकडो तरुण स्वयंसेवक तिथे गेले आणि तीन कार्यकर्त्यांचा खून झाला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही झाली. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी तोवर सात टक्क्यांच्याही खाली होती. ती दोन वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास गेली.

कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस यांनी घरबैठकांची पद्धत रुजवली. एकाच्या बैठकीच्या खोलीत आठ-दहा शेजारी जमवायचे, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यांच्यापैकीच कोणी पुढची बैठक आपल्या घरी घ्यावी असे ठरवायचे. नंतर शेतमजुरांची युनियन उभारणारे सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता याच कामातून पुढे आले. त्यांच्या ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ने मतदार नोंदवले आणि राज्याच्या राजधानीत पाठपुरावाही केला. नागरिकत्व नसलेल्या वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा १९६१ चा कायदा हे त्या पाठपुराव्याचे फळ होते.

२०१० नंतर

२०१० च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने देशभरात विधिमंडळांच्या सहाशेहून अधिक जागा गमावल्या. जनगणनेनंतरच्या सीमाआखणीवर नजर ठेवून रिपब्लिकन पक्षाने राज्य विधिमंडळे जिंकण्याची ‘रेडमॅप’ नावाची योजना आखली होती. ती उघड होती आणि खर्चाच्या मानाने विलक्षण यशस्वी ठरली. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली विधानसभेसाठी डेमोक्रॅट उमेदवारांना राज्यभरात मिळून निम्म्याहून अधिक मते पडली, पण ९९ पैकी जागा मिळाल्या ३६. पुरोगामी गटांचे लक्ष तोवर वॉशिंग्टनकडे होते. राज्यांकडे झालेल्या या दुर्लक्षाची जाणीव मोठ्या प्रमाणावर २०१६ मध्ये ट्रम्प अध्यक्षपदी निवडून आल्यानंतरच झाली.

त्यानंतरच्या काही महिन्यांत इंडिव्हिजिबल, स्विंग लेफ्ट, सिस्टर डिस्ट्रिक्ट, रन फॉर समथिंग अशा संघटना उभ्या राहिल्या. त्यांतली शेवटची तरुण उमेदवारांना स्थानिक आणि राज्यपातळीवर उभे करण्यासाठीच निघाली. तिची पहिली मोठी कसोटी नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हर्जिनियात झाली, कारण तिथे राज्याची निवडणूक विषम वर्षी होते. मॅनॅसस परिसरात डॅनिका रोम यांनी १९९२ पासून आमदार असलेल्या रिपब्लिकन उमेदवाराला हरवले. त्या पारलिंगी आहेत आणि विरोधकाचा भर त्यावरच होता. रोम मात्र दारोदार ‘रूट २८’ वरच्या वाहतूक कोंडीबद्दल बोलत राहिल्या. डेमोक्रॅटांच्या जागा ३४ वरून ४९ वर गेल्या.

न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या ९४ व्या मतदारसंघात तर फेरमोजणी आणि न्यायालयीन निकालानंतर शेली सायमंड्स आणि डेव्हिड यान्सी या दोघांची मते प्रत्येकी ११,६०८ अशी सारखी निघाली. ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंडमध्ये दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या फिल्मच्या डब्यांत घालून एका वाडग्यातून काढल्या गेल्या. यान्सी जिंकले आणि रिपब्लिकन पक्षाचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे टिकले. एका दारावर आणखी एकदा थाप मारली असती तर, हा विचार त्या मतदारसंघात फिरलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या मनात आला असणारच. पण सत्ता न मिळताही निकालाचा धक्का पुरेसा ठरला. गरिबांसाठीच्या मेडिकेड आरोग्य योजनेचा विस्तार वर्षानुवर्षे अडवला गेला होता, तो त्याच विधिमंडळाने २०१८ च्या उन्हाळ्याआधी मंजूर केला. त्याचा लाभ सुमारे चार लाख लोकांना होणार होता. सायमंड्स २०१९ मध्ये निवडून आल्या आणि त्या वर्षी दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडे गेली.

दारावरचे काम

सुरुवात मतदारयादीपासून होते. राज्याच्या यादीत नाव, पत्ता आणि आधी कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केले याची नोंद असते. मत कोणाला दिले हे अर्थातच नसते. डेमोक्रॅटिक आणि पुरोगामी मोहिमांत ही यादी बहुधा ‘व्हॅन’ नावाच्या प्रणालीत ठेवतात. संयोजक नकाशावर वस्तीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक स्वयंसेवकाला चालत जाता येतील एवढी घरे फोनवरच्या ॲपमध्ये देतो. बहुतेक दारे उघडत नाहीत. जे उघडते तिथे दोन-तीन मिनिटे मिळतात. नाव विचारायचे, आपण कोणाच्या वतीने आलो ते सांगायचे, त्यांना कोणता प्रश्न सतावतो ते ऐकायचे आणि निघताना पाठिंब्याचा अंदाज एक ते पाच अशा आकड्यात नोंदवायचा. मतदान जवळ आले की प्रश्न बदलतात. कोणत्या दिवशी जाणार, कामाला जाताना की परतताना, बरोबर कोण येणार? बेत मनात ठरला की जाण्याची शक्यता वाढते. घरी कोणी नसेल तर पत्रक दारात अडकवतात. टपालपेटीत टाकत नाहीत, कारण विनातिकीट मजकूर तिथे ठेवायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. दारावर जायला मात्र परवान्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ओहायोतील स्ट्रॅटन गावाच्या खटल्यात स्पष्ट केले.

मतदान संपले तरी काम संपत नाही. टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही जुळली नाही तर ती बाजूला काढतात. नेव्हाडा, ॲरिझोना अशा राज्यांत मतदाराला ठरावीक मुदतीत ती दुरुस्त करता येते. त्या दिवसांत स्वयंसेवक याद्या घेऊन पुन्हा त्याच दारांवर जातात. अटीतटीच्या लढतीत हे काम निर्णायक ठरू शकते.

परिणाम किती?

१९९८ मध्ये न्यू हेवनला ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग केला. समोरासमोर भेट झालेल्यांत मतदान आठ-नऊ टक्के अंकांनी वाढलेले दिसले, तर व्यावसायिक फोनचा काहीच उपयोग दिसला नाही. पुढच्या अभ्यासांत वाढ याहून कमी निघाली, पण प्रत्यक्ष भेटीचे वरचढपण टिकून राहिले. मन वळवण्याचे चित्र वेगळे आहे. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने कोणाला मत द्यायचे हा निर्णय बदलण्याचे प्रमाण सरासरी शून्याजवळ निघाले.

अपवाद लांब, निवांत संभाषणाचा आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणारा प्रस्ताव मंजूर झाला. तेव्हा लॉस एंजेलिसच्या कार्यकर्त्यांनी समलिंगी विवाहाच्या विरोधात मत दिलेल्यांच्याच घरी जायला सुरुवात केली. ते वाद घालत नसत. समोरच्याला कधी परकेपणाची वागणूक मिळाली का, हे विचारून त्याचा अनुभव ऐकत आणि आपला सांगत. याच पद्धतीवर मायामीत झालेल्या प्रयोगात दहाएक मिनिटांच्या संभाषणाने पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह घटला आणि तो बदल निदान तीन महिने टिकला. अशा संभाषणाला वेळ लागतो, प्रशिक्षण लागते आणि आकड्यांची घाई असलेल्या मोहिमेला ते परवडत नाही. माझ्या मते पुरोगामी संघटनांनी सर्वाधिक पैसा इथेच लावायला हवा.

सार्वमताची वाट

विधिमंडळ ऐकत नसेल तर काही राज्यांत नागरिक सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणू शकतात. मिशिगनमध्ये केटी फाही या सत्तावीस वर्षांच्या तरुणीने नोव्हेंबर २०१६ मध्ये फेसबुकवर सीमाआखणीतला पक्षपात संपवण्याची हाक दिली. तिच्याशी जोडल्या गेलेल्या अनोळखी लोकांनी राज्यभर सभा घेतल्या आणि सव्वाचार लाखांहून अधिक सह्या जमवल्या. सह्या गोळा करणारे स्वयंसेवक होते, हे विशेष, कारण अशा मोहिमांत पैसे देऊन माणसे लावण्याची सर्रास प्रथा आहे. २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला आणि सीमा आखण्याचे काम १३ नागरिकांच्या आयोगाकडे गेले. त्याच वर्षी फ्लोरिडात डेझमंड मीड यांच्या मोहिमेने शिक्षा भोगून आलेल्या बहुतेकांचा मताधिकार परत मिळवला. मात्र पुढच्याच वर्षी विधिमंडळाने आधी दंड आणि शुल्क भरण्याची अट घालून तो पुष्कळ अंशी हिरावला. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ ला गर्भपाताच्या हक्काविरुद्धची घटनादुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली गेली. रिपब्लिकनांकडे झुकलेल्या राज्यातला हा निकाल पक्षनिष्ठा ओलांडून झालेल्या मतदानाशिवाय शक्य नव्हता.

मर्यादा

करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेला मतदार नोंदवता येतात, माहिती देता येते, पण उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. ही रेषा पाळण्यात हयगय झाल्याची उदाहरणे आहेत. स्टेसी अब्राम्स यांनी २०१३ मध्ये स्थापलेल्या न्यू जॉर्जिया प्रोजेक्टने राज्यात मोठी नोंदणी केली. अब्राम्स स्वतः २०१८ ची गव्हर्नरपदाची लढत सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या. त्या निवडणुकीतला प्रचारखर्च जाहीर न केल्याबद्दल राज्याच्या नीतिमत्ता आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये या संस्थेला आणि तिच्या सहसंस्थेला तीन लाख डॉलर दंड केला. गरिबांच्या नावाने पैसा उभारणाऱ्यांकडून हिशेबाची अधिक काटेकोर अपेक्षा ठेवणे योग्यच आहे.

दुसरी अडचण पैशाच्या वेळापत्रकाची आहे. देणग्या मतदानाआधीच्या शेवटच्या महिन्यांत येतात, कर्मचारी घाईने घेतले जातात आणि निकालानंतर आठवड्याभरात त्यांची नोकरी संपते. वस्तीतल्या ओळखी त्यांच्याबरोबर जातात. मिनेसोटातील आयझाया हे श्रद्धाधारित गटांचे संघटन किंवा ॲरिझोनातील लुचा यांसारख्या वर्षभर चालणाऱ्या संघटना म्हणूनच वेगळ्या ठरतात. मिनेसोटात २०२३ मध्ये सिनेटमधल्या अवघ्या एका जागेच्या बहुमतावर शाळेतले मोफत जेवण, पगारी कौटुंबिक रजा आणि पॅरोलवरील लोकांना मताधिकार असे कायदे झाले. २०२४ मध्ये मात्र तिथल्या प्रतिनिधीगृहात दोन्ही पक्षांच्या जागा ६७–६७ अशा समसमान झाल्या आणि मिशिगनचे प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे गेले. उजव्या बाजूनेही ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी’सारख्या संघटना अनेक राज्यांत पगारी कर्मचारी ठेवून दारोदार काम करतात.